शिकाऊ हातातले रूट कॅनाल

सरकारी दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग लागते. खासगी दवाखान्यात दाढेचे रूट कॅनाल आणि कॅप यांचा खर्च काही हजारांत जातो. इथे तेच काम बरेच स्वस्तात होते. मात्र उपचार करणारा अनेकदा बीडीएसचा विद्यार्थी किंवा इंटर्न असतो. हे उपचार भरवशाचे असतात का?

अनेक देशांतील दंत महाविद्यालयांनी आपल्याच विद्यार्थ्यांच्या कामाचे एक्स-रे तपासले आहेत. त्यांतून एक गोष्ट वारंवार दिसते. पुढच्या, एका मुळाच्या दातांचे काम तुलनेने चांगले होते. चुका वाढतात त्या दाढांमध्ये. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण अर्ध्याहून अधिक लोकांत नलिका चार असतात. ही चौथी नलिका अरुंद आणि लपलेली असते. ती सापडली नाही तर जंतू तिथेच राहतात.

दुसरी अडचण मुळांच्या वळणाची. नलिका साफ करायला सुईसारखी बारीक फाइल वापरतात. वाकड्या नलिकेत ती जोराने रेटली, तर आतल्या भिंतीत पायरीसारखी खाच पडते. पुढची प्रत्येक फाइल तिथेच अडते आणि खालचा भाग अस्वच्छ राहतो. आणखी जोर लावला, तर मुळाला छिद्र पडते किंवा फाइलचा तुकडा आतच मोडतो. निकेल-टायटॅनियमच्या लवचीक फाइलमुळे पायरी पडण्याचा धोका कमी झाला. पण त्याही मोडतात.

तिसरी चूक लांबी मोजण्यातली. नलिकेत भरलेले गटा पर्चा मुळाच्या टोकाच्या आत शून्य ते दोन मिलिमीटरवर संपावे, असा सर्वमान्य निकष आहे. ते आखूड राहिले तर जंतूंना जागा मिळते. टोकाबाहेर गेले तर आजूबाजूचा भाग दुखावतो.

या चुका अचानक होत नाहीत, त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. म्हणूनच त्या पकडताही येतात. लांबी मोजल्यावर आणि नलिका भरण्यापूर्वी शिक्षकाने एक्स-रे पाहिला, तर बहुतेक चुका तिथेच सुधारता येतात. पण एका शिक्षकाकडे एकाच वेळी अनेक खुर्च्या असतील आणि विद्यार्थ्याच्या डोक्यात केसचा ‘कोटा’ पूर्ण करण्याची घाई असेल, तर हा टप्पा आधी गळतो. मग विद्यार्थ्याने किती रूट कॅनाल केले याची नोंद राहते, ती कशी झाली याची राहत नाही.

१९४८च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. परवान्यापूर्वी देशपातळीवर एकच अंतिम परीक्षा घेण्याची तरतूद त्यात आहे. परीक्षा हवीच, पण हाताचे कौशल्य उत्तरपत्रिकेत दिसत नाही. काढलेल्या दातांवर पुरेसा सराव, अवघड दाढा पदव्युत्तर विभागाकडे सोपवण्याचा नियम आणि प्रत्येक केसच्या दर्जाची नोंद, या तीन गोष्टींना नव्या व्यवस्थेत स्थान मिळायला हवे.

रुग्णांनी महाविद्यालयाकडे पाठ फिरवायचे कारण नाही. देखरेख नीट असेल, तर तिथे घाई न करता आणि वरिष्ठांच्या नजरेखाली काम होते. दातावर रबर डॅम लावणार का, शिक्षकांनी एक्स-रे पाहिला का, एवढे जरूर विचारावे. फाइलचा तुकडा मोडला तर प्रत्येक वेळी दात जातोच असे नाही, पण ते रुग्णाला सांगितलेच पाहिजे आणि केसपेपरवर लिहिले पाहिजे. दुखणे थांबले म्हणजे काम संपले असेही समजू नये. मुळाभोवतीचे हाड भरून आले का, हे पाहण्यासाठी वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढावा लागतो.

पहिले रूट कॅनाल प्रत्येक दंतवैद्य कुणाच्या तरी दातावरच करतो. त्या दाताची जबाबदारी मात्र एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही.