अंपायरची कॉलर धरून क्रिकेट सुधरत नसते, भाऊ

गेल्या रविवारचा एक व्हिडिओ आपल्या अमरावती-अकोल्याच्या ग्रुपांवर फिरून राह्यला. टेनिस बॉलची फायनल, शेवटची ओव्हर, चार बॉलमध्ये आठ रन पाहिजेत. बॉल लेग साइडनं गेला, अंपायरनं वाइड दिला नाही. पुढच्या वीस सेकंदांत बॅटिंग टीमचे सात-आठ जण आत, एकाच्या हातात उपटलेला स्टंप, आणि एकोणीस वर्षांचं ते पोट्टं कॉलर सोडवत मागं-मागं सरकते. खाली हसणाऱ्या इमोजींचा ढीग. "लय मजा आली." "बरं झालं, इकलेला होता साला."

त्या मॅचचा स्कोअर मी लिहीत होतो. गावाचं अन् स्पर्धेचं नाव सांगत नाही, कारण मला त्या पोराला आणखी त्रास द्यायचा नाही. पण तो किती रुपयांत "इकलेला" होता ते सांगतो. दिवसभराच्या चार मॅचचे तीनशे रुपये, दुपारी एक प्लेट गिलावडा. पाण्याची बाटली त्यानं घरूनच आणली होती. मागच्या बॅनरवर सतरा नेत्यांचे फोटो होते, त्यातला एकही माणूस स्टंपवाल्याला अडवायला उठला नाही.

आणि तो बॉल? माझ्या जागेवरून मला वाइडच वाटला. म्हणजे पोरगा चुकला असेल. हे आधीच कबूल करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये पहिला प्रश्न हाच येणार.

अंपायर चुकतात. मोठेमोठे चुकतात. जानेवारी २०१९ मध्ये बंगळुरूला कर्नाटक-सौराष्ट्र रणजी सेमीफायनलमध्ये पुजाराच्या बॅटची कड लागून कॅच गेला, अंपायरनं आऊट दिलं नाही, डीआरएस नव्हतं. पुजारानं नाबाद शतक ठोकलं आणि सौराष्ट्र फायनलला नागपूरला आलं, आपल्याविरुद्ध. तिथं आदित्य सरवटेनं पुजाराला दोन्ही डावांत काढलं, एकदा १ वर अन् एकदा शून्यावर. असो, ते मला आठवलं की बरं वाटते म्हणून सांगितलं. मुद्दा असा की त्या चुकीनंतर बोर्डानं पुढच्या मोसमात बाद फेरीच्या सामन्यांत मर्यादित स्वरूपात का होईना डीआरएस आणलं. चूक झाली, तर व्यवस्था बदलली. कोणी त्या अंपायरच्या मागं स्टंप घेऊन धावलं नाही.

आता दुसरं उदाहरण घ्या, हे तर आपल्या घरचंच. २७ मे २०२५, लखनौ. आरसीबीला २२८ पाहिजेत, कप्तानी आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माकडं. दिग्वेश राठी बॉल टाकायला धावत आला, टाकलाच नाही, वळून नॉन-स्ट्रायकरच्या बेल्स उडवल्या. जितेश क्रीजबाहेर. त्या रात्री राजकमल चौकापासून बडनेऱ्यापर्यंत सगळ्यांचा श्वास अडकला होता. थर्ड अंपायर होते उल्हास गंधे, आपल्या नागपूरचे. त्यांनी रिप्ले पाहिला आणि नॉट आऊट दिलं. ऋषभ पंतनं अपीलही मागं घेतलं. जितेशनं ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ मारले, आरसीबी जिंकली, आठवड्याभरात कपही आला.

त्या रात्री आपल्या ग्रुपवर काय आलं? "गंधे साहेब, मानलं बावा!" "वऱ्हाडाची इज्जत राखली!" आणि तिकडं दुसऱ्या बाजूच्या पोरांनी लिहिलं की नागपूरच्या अंपायरनं विदर्भाच्या पोराला वाचवलं. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट माहीत नव्हती, ती म्हणजे नियम. बॉलर साधारणपणे ज्या क्षणी बॉल सोडेल असं अपेक्षित असते, त्या क्षणापर्यंतच नॉन-स्ट्रायकरला रनआऊट करता येते. हात सगळ्यात वरच्या टोकाला पोचून पुढं गेला की संधी संपली. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडम झाम्पाच्या प्रकरणानंतर २०२३ मध्ये एमसीसीनं हे शब्द आणखी स्पष्ट केले. राठीचा तो क्षण निघून गेला होता. गंधेंनी जितेशला वाचवलं नाही, पुस्तकात आहे ते वाचलं. उद्या ह्याच नियमानं जितेश आऊट झाला असता, तर आपण त्याच माणसाची आयमाय काढली असती. खरं सांगा, काढली असती की नाही?

माझा राग इथं आहे. आपल्याला न्याय नकोच असते, आपल्या बाजूचा निकाल पाहिजे असते.

आणि ही सवय येते कुठून? आपल्या मैदानांतून. सायन्सकोर घ्या, दसरा मैदान घ्या, अकोल्याचं शास्त्री स्टेडियम घ्या, नाहीतर कोणत्याही गावातलं कापूस निघाल्यावरचं मोकळं वावर घ्या. लहानपणापासून आपण कोणत्या अंपायरसोबत खेळलो? बॅटिंगवाल्यांच्या. ज्याची बॅटिंग झाली किंवा यायची आहे, तो उभा राहते. त्याचं काम ठरलेलं. आपल्याला वाइड द्यायचा, समोरच्याचा रनआऊट "दिसला नाही" म्हणायचं. म्हणजे अंपायर हा पक्षाचाच माणूस असते, हे आपण सहाव्या वर्षी शिकतो. मग पंचेचाळिसाव्या वर्षी टीव्हीसमोर बसून कोणी अंपायर खरोखर त्रयस्थ असू शकते, हे डोक्यात घुसणार कसं?

एलबीडब्ल्यूचं तर विचारूच नका. टेनिस बॉलमध्ये एलबीडब्ल्यू आपण ठेवतच नाही. का? कारण भांडणं होतात. बरोबर आहे, पण त्यामुळं झालं असं की लेदर बॉल न खेळलेल्या नव्वद टक्के पोरांनी (हा माझा अंदाज आहे, कोणी सर्व्हे मागू नका) आयुष्यात एकदाही एलबीडब्ल्यू दिलेला नाही, घेतलेला नाही, सोसलेला नाही. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला की आऊट नाही, हे अर्ध्यांना ठाऊक नाही. "अंपायर्स कॉल" म्हणजे अंपायरची मर्जी, असं समजणारे इंजिनियर मी पाह्यले. अरे भाऊ, निम्म्याहून कमी बॉल स्टंपला लागताना दिसते तेव्हा मशीनलाही पूर्ण खात्री नसते, म्हणून मैदानावरच्या माणसाचा निर्णय कायम राहते. इतकी साधी गोष्ट आहे. पण जो निर्णय आपण कधी दिलाच नाही, त्याच्यावर सगळ्यात मोठा आवाज आपलाच.

दुसरं कारण पैसा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर कायदा करून बंदी आणली तोपर्यंत एकोणपन्नास-एकोणपन्नास रुपयांच्या टीमा लावून बसलेले लोक मी रोज चहाच्या टपरीवर पाहत होतो. एक नो-बॉल दिला गेला की "माया पाचशे रुपये बुडवले त्यानं." अंपायरनं बुडवले! अ‍ॅप बंद झाले, पण सवय गेली नाही, आणि सट्टा तर आपल्याकडं अ‍ॅपच्या आधीपासून आहे, पोलिसांच्या धाडींच्या बातम्या दर आयपीएलला वाचतोच आपण. ज्याचे पैसे लागले आहेत त्याला अंपायर चोरच दिसणार.

आता थोडं त्या दुसऱ्या भांडणाबद्दल, कारण त्याच लोकांचं हेही भांडण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि जडेजा-सॅम करन राजस्थानला, अशी अदलाबदल झाली. आपल्या ग्रुपवर तीन दिवस युद्ध. दोन सख्खे मावसभाऊ एकमेकांना ब्लॉक करून बसले, त्यातला एक अचलपूरचा, एक मूर्तिजापूरचा. चेन्नई त्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही.

पण त्याच वर्षी आपला जितेश विदर्भ सोडून बडोद्याकडून खेळायला गेला, यावर किती जण बोलले? जे बोलले त्यांनी एकच शब्द लिहिला, "गद्दार". कायचा गद्दार? विदर्भाच्या रणजी संघात यष्टीमागं अक्षय वाडकर, तोच कर्णधार. जागा एक. बत्तीस वर्षांच्या माणसानं काय करावं, ड्रेसिंग रूममध्ये पाणी वाटत राहावं? रजनीश गुरबाणी महाराष्ट्राकडं गेला. सरवटे केरळकडं गेला, आणि २०२५ च्या फायनलला जामठ्यात आपल्याच विरुद्ध ७९ करून गेला. माझ्या शेजारी बसलेला एक काका त्याला शिव्या देऊन राह्यला होता. मी म्हटलं, "काका, २०१९ च्या फायनलमध्ये यानंच अकरा विकेट काढल्या होत्या." काका म्हणे, "तवाची गोष्ट अलग होती."

अलग कायले? आपण दुसऱ्यांचे घेतले तेव्हा चाललं ना? वसीम जाफर मुंबईचा, तो आला तेव्हा फटाके. गणेश सतीश कर्नाटकचा, ध्रुव शौरी दिल्लीचा. करुण नायरचं तर बघा. डिसेंबर २०१७ मध्ये ईडन गार्डन्सवर सेमीफायनलमध्ये त्यानं कर्नाटककडून आपल्याला १५३ ठोकले होते. गुरबाणीनं बारा विकेट घेतल्या म्हणून आपण फक्त ५ रननं वाचलो. तोच करुण आपल्याकडं आला आणि २०२५ च्या फायनलमध्ये दुसऱ्या डावात त्यानं १३५ केले. पहिल्या डावातली ३७ रनची आघाडी पक्की झाली, तिसरा रणजी करंडक आला. पुढच्या मोसमात करुण घरी, कर्नाटकला परत. त्याला कोणी गद्दार म्हटलं नाही. मग आपल्या पोरांना कावून म्हणता?

बॉलरबद्दल तर बोलणंच नाही. हर्ष दुबेनं त्या मोसमात ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. ग्रुपवर विचारलं, दुबे कोण? एकानं शिवम दुबेचा फोटो टाकला. गुरबाणीनं २०१७-१८ च्या फायनलला दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, रणजी फायनलच्या इतिहासातली फक्त दुसरी. त्याच फायनलमध्ये अकोल्याचा आदित्य ठाकरे आपला पहिलावहिला प्रथम श्रेणी सामना खेळला. अकोल्यातल्या किती पोरांना हे सांगता येईल? आपल्या स्पर्धांमध्ये बॉलरला मानच नाही. बाउंड्री चाळीस पावलांवर, पिच सिमेंटचं, बक्षीस "सिक्सर किंग"ला सायकल. बॉलरला बक्षीस द्यायची वेळ आली की एक स्टीलचा डबा.

अकोल्याच्या अथर्व तायडेनं ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३ केले, विदर्भ ९३ रननं जिंकला. जानेवारी २०२६ ला विजय हजारेच्या फायनलमध्ये त्याचं पुन्हा शतक, विदर्भाचं पहिलं विजेतेपद. त्यावर अमरावतीकरांचं म्हणणं काय, तर "जितेश मोठा का अथर्व?" अबे, २०२३ मध्ये धर्मशाळेत पंजाबकडून अथर्वला ५५ वर रिटायर्ड आऊट करून बोलावलं, आणि त्याच्या जागी आत गेला तो जितेशच होता. काही केलं नाही त्यानं त्या दिवशी. अकोलेवाले अजून तेच उगाळतात. पंचाहत्तर किलोमीटरचा रस्ता आपण २०२२ मध्ये पाच दिवसांत टाकून गिनेसमध्ये नाव लावलं, पण ह्या दोन गावांतलं हे भांडण काही मिटत नाही. त्याची मला मजाच वाटते, मिटूही नये. पण त्या भांडणात कोणी स्टंप उपटून आणत नाही.

त्या पोराकडं परत येतो. मंगळवारी त्याच्या घरी गेलो होतो. बाप कपाशीवाला, घरात कोणी क्रिकेट खेळलेलं नाही. पोरगा राज्य पॅनेलच्या अंपायरिंगच्या परीक्षेची तयारी करून राह्यला होता. नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स, पिवळ्या शाईनं रंगवलेली. मला म्हणे, "सर, वाइडच होता तो. मले मागून समजलं. आवाज इतका होता का मी पाहलंच नाही नीट." आणि मग म्हणे, "आता नाही करत."

विदर्भात शेकडो स्पर्धा होतात. खेळाडू म्हणून नागपूर गाठायचं तर अमरावतीवरून दीडशे आणि अकोल्यावरून अडीचशे किलोमीटर. ते जमवणारे जमवतात. पण अंपायर म्हणून इथून कोण वर जाईल, जर इथल्या पहिल्याच पायरीवर आपण त्याची कॉलर धरत असू? उल्हास गंधे आकाशातून थोडेच पडले. तेही कधीतरी अशाच एखाद्या मैदानावर एकटे उभे राहिले असतील, भोवती आपल्यासारखीच माणसं असतील.

आयोजकांना माझं म्हणणं साधं आहे. बॅनरचे पैसे कमी करा आणि दोन बाहेरचे अंपायर आणा, बॅटिंगवाल्यांचे नाही. त्यांना तीनशे नाही, हजार द्या. मैदानात घुसलेल्या टीमची मॅच त्याच क्षणी बाद करा, मग ती टीम कोणाच्याही भाच्याची असो. आणि ज्यानं तो स्टंप उपटला, तो मला फेसबुकवर फॉलो करते, मला माहीत आहे. भाऊ, पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला त्याच मैदानावर मॅच आहे, अंपायर म्हणून मी उभा आहे आणि दुसऱ्या टोकाची जागा रिकामी आहे. पांढरी टोपी मी आणतो. तू ये, वीस ओव्हर उभा राहा, लेग साइडचा प्रत्येक वाइड तूच दे. तीनशे रुपये अन् गिलावडा माझ्याकडून.