गॅलरीतून : कंदिलातला डीसी

मागच्या दिवाळीत आमच्या शारजाच्या गॅलरीतला आकाशकंदील वसुबारसेलाच गेला. पडला नाही, फाटला नाही; आतली एलईडीची पट्टी आधी डोळे दिपतील इतकी उजळली, मग प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि संपलं. पट्टीचा मूळ अडॅप्टर घर बदलताना कुठेतरी राहिला होता. आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी खणातून दुसरा शोधून काढला. पिन अगदी बरोबर बसली, म्हणून मीही करंज्यांचं सारण परतता परतता 'लाव' म्हणून मोकळी झाले. तो जुन्या लॅपटॉपचा निघाला, 19 व्होल्टचा. पट्टी होती 12 ची.

वास जाईपर्यंत चिरंजीव अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचत बसले. "आई, इनपुट एसी लिहिलंय. म्हणजे आपला एसी?" त्याचं चुकलं नाही. या देशात एसी म्हटलं की एकच गोष्ट आठवते, आणि ती बंद पडली की शेजारपाजारपर्यंत बातमी जाते. "आणि आउटपुट डीसी म्हणजे?"

इथे मी अडखळले, आणि अडखळले तशी मला एक जुनी गोष्ट टोचली. 2014 साली मी ठाण्याच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. एकदा ऑफ तासाला नववीच्या वर्गावर गेले असताना एका मुलाने विचारलं, "बाई, लोकलमध्ये मध्येच दिवे-पंखे का जातात? बाबा म्हणतात तिथे एसी-डीसी बदलतं." मी एम.ए. मराठी. 'ते विज्ञानाच्या सरांना विचार' म्हणून शुद्धलेखन घालायला घेतलं. त्यानंतर त्या मुलाने मला काही विचारलं नाही. आता तो पंचविशीचा असेल. आपल्याला उत्तर येत नव्हतं याचं मला कधी वाईट वाटलं नाही. 'चल, शोधू या' म्हणाले नाही, याचं वाटतं.

म्हणून या वेळी मी अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, फोन लावला. अप्पांची सगळी नोकरी कुर्ला कारशेडमध्ये झाली. फोनवर नातवाचा चेहरा दिसला की ते एरवी आधी जेवणाची चौकशी करतात. त्या दिवशी थेट विषयावर आले.

"दोघे सुतार मोठी करवत ओढताना पाहिलेस का? नाही पाहिलेस. एक इकडे ओढतो, एक तिकडे. करवत जागच्या जागी मागेपुढे होते, पण ओंडका कापला जातो. ती एसी. आणि पाटाचं पाणी एकाच दिशेने शेतात जातं, ते डीसी."

भिंतीतल्या सॉकेटमधली वीज ही करवत. इथे काय आणि डोंबिवलीत काय, सेकंदाला 50 वेळा तिचं एक मागे-पुढे पूर्ण होतं. म्हणूनच माहेरून आणलेला मिक्सर इथे फक्त पिन बदलून चालतो. अमेरिकेतल्या नणंदेकडे तो चालत नाही. तिच्याकडे व्होल्टही निम्मे आणि वेगही 60. पाठ्यपुस्तकात या दोघींची नावं छान आहेत : प्रत्यावर्ती आणि दिष्ट. प्रत्यावर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा माघारी वळणारी. दर जुलैत तिकिटं काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द समजावून सांगायला नको.

मग जगभर करवतच का? कारण ट्रान्सफॉर्मर. त्याच्या एका वेटोळ्यातली वीज सतत बदलत राहिली तरच शेजारच्या वेटोळ्यात वीज उमटते. डीसी दिली तर तो नुसता तापेल. एसीचा दाब मात्र त्यातून सहज वाढवता येतो. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो आणि तारांमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते.

एवढं असून मुंबईची लोकल जन्मली ती डीसीवर. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवर. त्या काळी डीसीच्या मोटारींचा वेग आवरणं सोपं होतं. पण दाब कमी म्हणून प्रवाह प्रचंड, तारा जाडजूड आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशनं. गर्दी वाढली, डबे वाढले, तशी ती वीज अपुरी पडू लागली. मग 25,000 व्होल्ट एसी आली. त्याच कामासाठी सुमारे सतरावा हिस्सा प्रवाह! ही बदली एका रात्रीत होणारी नव्हती. काही वर्षं अर्धा मार्ग एसी, अर्धा डीसी असा संसार चालला. दोन्ही विजा एकमेकींना भिडू नयेत म्हणून मध्ये थोडी तार वीज नसलेली ठेवावी लागे. तेवढं अंतर गाडी आपल्या वेगावर जाई, आणि दिवे-पंखे बंद. त्या मुलाचे बाबा बरोबर सांगत होते.

"डीसी साधीभोळी समजू नकोस हां," अप्पा नातवाला म्हणाले. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी विझायला तिला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते. म्हणून एसीचं बटण डीसीला चालेलच असं नाही. इथे व्हिलाच्या गच्चीवर सोलर बसवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पॅनेलमधून येते ती डीसीच.

डीसी हरली म्हणावं, तर तसंही नाही. 2009 साली सुरू झालेली आपली दुबई मेट्रो तिसऱ्या रुळातल्या 750 व्होल्ट डीसीवर धावते. चंद्रपूरची वीज पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर येते ती पाच लाख व्होल्ट डीसीच्या तारांवरून; इतक्या लांबच्या पल्ल्याला आता तीच परवडते, कारण दाब वाढवायचं काम एसीत करून मग तिची डीसी करण्याची यंत्रं आली. आखातातली गंमत तर मला माहीतच नव्हती. आपण, ओमान, कतार, बहरीन, कुवेत सगळे 50 च्या तालावर. सौदी एकटा 60 वर. दोन ताल एकत्र वाजवता येत नाहीत. म्हणून सौदीतल्या अल फधिली इथे 1800 मेगावॅटचं केंद्र आहे. एका बाजूची एसी तिथे आधी डीसी होते आणि लगेच दुसऱ्या तालाची एसी होऊन पलीकडे जाते. आमच्या खणातला पांढरा ठोकळा यातलं पहिलं अर्धं काम करतो, ते मात्र 12 व्होल्टांपुरतं.

फोन ठेवायच्या आधी अप्पांनी नातवाला आणखी एक सांगितलं. मुंबईची शेवटची डीसी लोकल 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली. "पहिली आली ती कुर्ल्याला, शेवटची सुटली तीही कुर्ल्याहून," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. सासूबाईंनी फोन हातात घेऊन विषय करंज्यांवर आणला.

धनत्रयोदशीला नवी पट्टी आणली, सोबत तिचाच अडॅप्टर. चिरंजीवांनी खण उपसला. प्रत्येक अडॅप्टरवर नागमोडी रेघेपुढचा आकडा आणि सरळ रेघेपुढचा आकडा शोधून त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक लिहिलं : 5, 9, 12, 19. व्होल्टच नव्हे, अँपिअरही पुरेसे हवेत आणि पिनेच्या आतबाहेरचं अधिक-उणं जुळायला हवं, हे अप्पांनी दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर सगळ्या पट्ट्या काढून पुन्हा लिहिल्या. सात अडॅप्टर निघाले. एकावरची अक्षरं पार पुसली होती. तो टाकून दिला.