संशोधन जरूर करा, पण आधी बिंदूनामावली दाखवा!

केळवे-माहीम, पालघर, बोईसर पट्ट्यातल्या तरुणांना एक फरक नीट कळतो. सरकारी आस्थापनेत काम मिळणे वेगळे आणि सरकारी नोकरी मिळणे वेगळे. शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. कंपनी सार्वजनिक, पैसा जनतेचा. मात्र अशा सार्वजनिक आस्थापनांत सफाई, बागकाम, हमाली ही कामे सर्रास कंत्राटदाराची माणसे करतात. बिंदूनामावलीत त्यांची नोंद नसते, म्हणून आरक्षणाचा प्रश्नच उरत नाही!

अशा वेळी सार्वजनिक उपक्रम आणि व्यवस्थापन संस्था 'मानव संसाधन' विषयावर संशोधनाचे सामंजस्य करार करतात. विषय काय, तर नेतृत्व, प्रेरणा, कार्यक्षमता. आमचा प्रश्न साधा आहे: त्यात जात कुठे आहे?

संशोधन-सहकार्य कसे असावे, हे आपल्याच माणसाने दाखवले आहे. अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदलले फक्त नाव. २००७ साली निष्कर्ष छापून आला: दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच! गुणवत्तेची ढाल तिथेच गळून पडली.

आता विचार करा. सरकारी काम कंत्राटदाराकडे गेले, की भरती त्याच खासगी पद्धतीने होणार. म्हणजे जो भेदभाव रोखायला संविधानाचे कलम १६(४) आहे, तो मागच्या दाराने सरकारी आवारात शिरणार. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले, ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय गेला, कंत्राटी पद्धत गेली नाही.

पदोन्नतीचेही तेच. २००६ च्या नागराज निकालाने अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी मागितली. त्या निकालाच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय रद्द केला. आकडे सरकारच्या कपाटात, शिक्षा मात्र आमच्या कर्मचाऱ्यांना! हा कुठला न्याय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जनतेच्या पैशावर होणाऱ्या अशा प्रत्येक संशोधनात संवर्गनिहाय प्रतिनिधित्व, अनुशेष आणि कंत्राटी कामगारांची सामाजिक वर्गवारी हे पहिले प्रकरण असावे. अहवाल मराठीत जाहीर व्हावा.

तोवर आपण थांबायचे का? नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. प्रत्येक गावातल्या पदवीधराने एक कार्यालय निवडावे, मंजूर पदे, भरलेली पदे, बिंदूनामावली आणि कंत्राटी मनुष्यबळाचा तपशील मागावा. बाबासाहेबांनी आकडे हाती घेऊनच वाद घातले. 'शिका' या आदेशाचा आजचा अर्थ हाही आहे.

जय भीम!