पंधरा टक्के सूट

पिस्तुलाबद्दल मी लिहावं, म्हणजे शुद्ध शाकाहारी माणसाने सुरमई कशी निवडावी यावर व्याख्यान देण्यासारखं आहे. मान्य! पण जन्मात चार ओळींची कविता न लिहिता कवींना झोडपणारे समीक्षक आपल्याकडे सुखाने नांदतात. मग एकही गोळी न झाडता मी पिस्तुलाचं परीक्षण का करू नये?

त्याचं असं झालं. टेक्सासमध्ये पुतण्याकडे तीन महिने राहून आलो. आपण पुण्याची माणसं जशी रविवारी सिंहगडावर जातो, तसा हा गृहस्थ शूटिंग रेंजवर जातो. मलाही घेऊन गेला. आता, पाहुणा म्हणून व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने हत्यार हाती धरू नये, असा तिथला कायदा. शिकारीचा परवाना वगैरे असला तर गोष्ट वेगळी. पण आमची शिकार ढेकणांपलीकडे कधी गेली नाही. तेव्हा काचेआड, कानांवर डबडी चढवून बसलो.

पुतण्याकडे पिस्तुलं दोन. थोरलं १९११ या नावाचं. जॉन ब्राउनिंग या कारागिराने आखलेलं, १९११ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेलं आणि पुढे १९८५ पर्यंत लष्कराचं अधिकृत पिस्तूल म्हणून मिरवलेलं. गोळी पॉइंट ४५ ची, रिकाम्या पिस्तुलाचं वजन अकराशे ग्रॅम. धाकटं त्याचंच लहान रूप. थोरल्याच्या शंभरीला, २०११ साली, ब्राउनिंगचंच नाव लावणाऱ्या कंपनीने काढलेलं. माप थोरल्याच्या ८५ टक्के, गोळी पॉइंट २२ ची, वजन अर्ध्या किलोच्या आत. थोडक्यात, मापात पंधरा टक्के सूट!

बाहेरून पाहाल तर बापाचं नाक बेट्याला. तोच मागे ओढायचा घोडा, तोच अंगठ्याखालचा खटका, मुठीत दाबला गेल्याशिवाय गोळी सुटू न देणारा तोच दुसरा खटका. आत मात्र फरक आहे. थोरल्याचा दणका मोठा, म्हणून गोळी सुटताना नळी आणि वरचा सरकता भाग क्षणभर एकमेकांत अडकून राहतात. धाकट्यात ती भानगड नाही. सरकत्या भागाचं वजन आणि स्प्रिंग यांवर काम भागतं. कारण थोरल्याची गोळी पंधरा ग्रॅमची, धाकट्याची अडीच ग्रॅमच्या आसपास.

पुतण्याने थोरलं चालवलं. दर बाराला नळी छताकडे बघत होती आणि भोकं कागदभर विखुरली होती. मग सूनबाईंनी धाकटं घेतलं. मूठ हातात बसली, बोट चापापर्यंत नीट पोचलं आणि दहाच्या दहा भोकं बशीएवढ्या जागेत!

पुतण्या म्हणतो कसा, "काका, ते खेळणं आहे हो. खरं पिस्तूल हे."

इथे माझं पित्त खवळलं. अरे, ज्याने नेम लागतो ते खेळणं, आणि ज्याने छत दिसतं ते खरं? हलक्या गोळीने हात शिकतो, दणक्याच्या भीतीने डोळे मिटत नाहीत, काडतुसंही स्वस्त पडतात. १९३१ सालीच कोल्ट कंपनीने सरावासाठी पॉइंट २२ चं 'एस' नावाचं पिस्तूल काढलं होतं, ते काय बाळगोपाळांसाठी? परीक्षक म्हणून माझा निकाल स्वच्छ होता : धाकटं पास, थोरलं पास, पुतण्या नापास.

पण खरं भांडण घरी आल्यावर झालं. थोरलं गेलं पोलादी पेटीत, आकड्यांच्या कुलपात. आणि धाकटं? स्वयंपाकघरातल्या खणात, रबरबँड आणि मेणबत्त्यांशेजारी!

"पॉइंट बावीसच तर आहे, काका."

सात वर्षांची नात खणाशी उभी होती. म्हणाली, "ते माझ्या मापाचं आहे ना, आजोबा?"

मंडळी, माझे पाय लटपटले. खेळणं म्हणून हिणवायचं आणि मग खेळण्याच्या जागी ठेवायचं, हा यातला धोका. त्या काडतुसांच्या खोक्यावर छापलेलं असतं की गोळी दीड मैल जाऊ शकते. १९६८ साली रॉबर्ट केनेडी गेले ते पॉइंट २२ च्याच गोळ्यांनी. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन मरता मरता वाचले, तीही पॉइंट २२ च. लवंगी मिरचीला कोणी 'मिरचीच तर आहे, तीही लहान' असं म्हणून डोळ्याला लावत नाही. ल्यूना अंगावर आली तरी आपण बाजूला होतोच. मग इथेच आपली अक्कल का आखडते? मापात सूट मिळाली म्हणून कुलपात सूट नाही मिळत!

मी जाहीर केलं, दोन्ही भावंडं एका कुलपात जाईपर्यंत या घरचा चहा मला वर्ज्य. पुतण्या हसला. पुण्याचा माणूस चहावाचून किती टिकणार, हा त्याचा हिशोब बरोबर होता. पण सूनबाई माझ्या बाजूच्या. चार वाजता त्यांनीच पेटी उघडायला लावली आणि धाकटं आत गेलं.

चहा आला. कप अगदी इवलासा.

"लहान आहे काका, चालेल ना?" पुतण्याने डिवचलं.

"चालेल," मी म्हटलं, "चटका तेवढाच बसतो."