महसूल, तहसील आणि अरबीचा पेपर

पुण्यात मुख्यालय असलेल्या राज्य शिक्षण मंडळाच्या बारावीला अरबी विषय घेता येतो. पण खेड्यातल्या पोराने तो घेतला, की पारावर हटकून प्रश्न येतो, 'याचा उपयोग काय?' मंडळी, आपला खरीप अरबी, रब्बी अरबी. हक्क, हद्द, कायदा, दाखला हेही अरबीच. 2024 मध्ये तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' झाला, त्यातला महसूलही तिकडचाच! महसूल, तहसील, हशील हे तिन्ही शब्द एकाच तीन अक्षरी धातूचे. परीक्षेची किल्लीही हीच. धातू ओळखला, की शब्दांचे अख्खे कूळ हाती लागते. मात्र व्याकरण रोज थोडे लिहूनच पक्के होते. पेरणी टळल्यावर नुसते खत टाकून भागत नाही.

जुन्या मोडी कागदांत सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत असतात. ते साल मृगाला सुरू होई. असे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात जपलेले आहेत. मोडीबरोबर अरबी जाणणारी माणसे त्यासाठी लागतात. तेव्हा सरपंच, अधिकाऱ्यांनी अशा मुलांना नाउमेद करू नये. उलट गावचा जुना कागद त्यांच्यापुढे ठेवावा.