उत्तर किती, आणि चूक किती?

न्यू साउथ वेल्समध्ये तुमची मुलगी किंवा मुलगा बारावीला ‘मॅथेमॅटिक्स अॅडव्हान्स्ड’ शिकत असेल, तर ६८, ९५ आणि ९९.७ हे आकडे तुमच्या कानांवर पडले असतील. घंटेच्या आकाराच्या वक्रात सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन गेलात, की त्यात ६८ टक्के गुण येतात. दोन गेलात की ९५. तीन गेलात की ९९.७. हे पाठही करावे लागत नाही, परीक्षेतल्या संदर्भपत्रिकेवर छापलेले असते. आता मुलांना एकच विचारा : हे ६८ आले कुठून?

‘वक्राखालचे क्षेत्रफळ’ हे उत्तर बरोबर आहे. पण ते काढायचे कसे? इथे शाळेत शिकवलेले इंटिग्रेशन हात टेकते. ‘ई’चा उणे क्ष-वर्ग भागिले दोन हा घात, याचे संकलन नेहमीच्या फलांच्या साध्या सूत्रात मांडताच येत नाही. व्हिक्टोरियात ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’च्या दुसऱ्या पेपरला सीएएस कॅल्क्युलेटर चालतो, तो हे क्षेत्रफळ क्षणात देतो. माझी तक्रार कॅल्क्युलेटरबद्दल नाही. माझे स्वतःचे संशोधन संगणकावाचून एक दिवसही चालणार नाही. तक्रार ही आहे, की आलेल्या उत्तरात चूक किती असू शकते, हा प्रश्न मुलांना पडतच नाही.

कागद-पेन्सिल घ्या. त्या फलाची घातश्रेणी अशी : १, उणे क्षचा वर्ग भागिले २, अधिक चौथा घात भागिले ८, उणे सहावा घात भागिले ४८, आणि पुढे. यातल्या एकेका पदाचे संकलन दहावीनंतरचे कोणतेही मूल करेल. शून्यापासून एकपर्यंत केले, की मिळते :

१ − १/६ + १/४० − १/३३६ = ०.८५५४

दोन्ही बाजू धरून आणि वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ १ व्हावे म्हणून याला ०.७९७९ ने गुणा. उत्तर ०.६८२५. फक्त चार पदांत ६८ टक्के!

खरी गंमत पुढे आहे. चिन्हे आलटून-पालटून येत असतील आणि पदे लहान होत शून्याकडे जात असतील, तर चूक पहिल्या सोडलेल्या पदापेक्षा मोठी नसते. ते पद १/३४५६. म्हणजे खरे उत्तर ६८.२४ ते ६८.२८ टक्क्यांच्या आतच आहे, हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो. कॅल्क्युलेटरने आकडा दिला असता, ही हमी दिली नसती.

हीच युक्ती तीन प्रमाण विचलनांसाठी वापरून बघा. पदे आधी वाढतात : ३, ४.५, ६.१, ६.५. मग कुठे उतरू लागतात. चार पदांवर थांबलात तर उत्तर चक्क उणे येईल! पद्धत कुठे चालते आणि कुठे दमवते, हे कळणे म्हणजेच गणित कळणे.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. चौदाव्या शतकात केरळातल्या माधवाने पाय भागिले ४ साठी १ − १/३ + १/५ − १/७… ही श्रेणी दिली. ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातल्या ‘युक्तिभाषा’त तिची उपपत्ती आहे, तीही मल्याळममध्ये. श्रेणी फार हळू जाते, हे या परंपरेने ओळखले आणि उरलेल्या चुकीसाठी दुरुस्तीचे पद दिले. दहा पदांनंतर पायची किंमत ३.०४१८ येते, त्यात १/१० मिळवा, ३.१४१८ झाली. ‘शून्य आम्ही दिले’ हे मुलांना ऐकवण्यापेक्षा हे करून दाखवणे मला जास्त मोलाचे वाटते.

पुढे ही मुले औषधाचा डोस ठरवतील, पुलाचा भार काढतील, पुराचा अंदाज वर्तवतील. तिथे ‘उत्तर इतके’ एवढे पुरत नाही. ‘इतके, आणि फार तर इतके इकडे-तिकडे’ असे सांगावे लागते. एटीएआरच्या धावपळीत, कुठल्या विषयाला किती स्केलिंग मिळते याची आपण जेवढी चर्चा करतो, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी याची करू या. शनिवारच्या क्लासहून मूल परतले, की ‘किती मार्क पडले?’ च्या जोडीला एवढेच विचारा : ‘यात चूक किती असू शकते, आणि तुला कसे कळले?’