फळा, पडदा आणि शंका

वर्गात यंत्र आले की शिक्षकाची गरज उरणार नाही, असे भय काहींना वाटते. यंत्र आणून ठेवले की शिक्षण आपोआप सुधारेल, असा भरवसा इतरांना असतो. आपल्या देशाचा पूर्वानुभव मात्र निराळेच काही सांगतो.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी, तर सायंकाळचे ग्रामस्थांसाठी असत. याच पडद्याचा उपयोग करून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. शिक्षकाला वगळून मुलांपर्यंत पोहोचता येणार नाही, हे योजनाकारांनी जाणले होते.

आजही अनुभवी शिक्षक हेच सांगतात. हृदयाचे स्पंदन किंवा ग्रहणाची छाया खडूने दाखविणे कठीण. पडदा ते सहज दाखवितो. परंतु समोरच्या मुलाच्या चेहऱ्यावरील गोंधळ त्याला दिसत नाही, म्हणून तो थांबतही नाही. विद्यार्थ्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. ध्वनिचित्रित पाठ पुन्हा पुन्हा ऐकता येतो आणि त्यासाठी कोणापुढे ओशाळावे लागत नाही, याचे त्यांना मोल वाटते. आता तर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी यंत्रेही निघाली आहेत. मात्र नेमके काय विचारावे आणि मिळालेले उत्तर कसे पारखावे, हे शिकविण्यास जाणता माणूसच जवळ असावा लागतो.

यात कुटुंबाचाही वाटा आहे. २०२० साली साथीमुळे शाळा बंद असताना केरळ शासनाने १ जूनपासून ‘फर्स्ट बेल’ या नावाने दूरचित्रवाणीवर पाठ सुरू केले. पाठ शासन देऊ शकते. परंतु घरात मोबाईल एक आणि भावंडे तीन असली, तर तो प्रथम कोणाच्या हाती जावा, हे घरच ठरविते. मुलाची परीक्षा महत्त्वाची आणि मुलीचा अभ्यास नंतर, असा निवाडा आपल्या घरी नकळत होत नाही ना, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते : भावंडांच्या वेळा ठरवून द्याव्यात, आणि पाठ संपल्यावर ‘आज काय पाहिलेस?’ एवढ्यावर न थांबता ‘त्यातले काय समजले नाही?’ असेही विचारावे. ती शंका वहीत टिपून दुसऱ्या दिवशी शिक्षकांपुढे ठेवण्यास मुलांना उत्तेजन द्यावे.